दारात विचारतील तेव्हा

पुस्तकात छापलंय की मला मूलबाळ नाही. आहे. दोन झाली. एक समुद्राने नेला, एक विद्यापीठाने नेली. समुद्राने निदान बूट तरी परत दिले.

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण मागाहून लिहिलं तर पायबस वकील खोडतील. ते म्हणाले, "थीकरबाई, मृत्युपत्राची सुरुवात नावाने करतात, तक्रारीने नव्हे." मी म्हटलं, "माझं नाव गावाला ठाऊक आहे. तक्रार कुणाला ठाऊक नाही."

आता नाव. मी केझिया जेन थीकर, देवाघरी गेलेल्या एमॉस थीकरची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार खालची आळी, केटलविक, यॉर्कशरचा किनारा. कुणी धाक घातलेला नसताना, कुणी गोड बोलून फूस लावलेली नसताना (या घरात गोड बोलणारं कुणी नाहीच), पूर्ण शुद्धीत हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करत नाहीत. मला अक्षरं चॅपलच्या रविवारच्या शाळेने शिकवली, तीही शिंपले सोलायला बसायच्या वयापर्यंतच. तेव्हा चुका असतील. टाइप करणाऱ्या पोरीने त्या सुधाराव्यात, पण माणसं सुधारू नयेत.

माझ्यामागे सगळी व्यवस्था पायबस यांनी बघावी. ते हळू आहेत पण सरळ आहेत.

एक. खालच्या आळीतलं हे घर, खाली एक खोली, वर एक खोली आणि जिथे एमॉसचे दोर टांगलेले असत तो माळा, माझ्या मुलाची मुलगी नाओमी हिला. मॅथ्यूची होडी उलटली तेव्हा ही पाळण्यात होती. हिच्या आईने लीड्सला दुसरं लग्न केलं, ही माझ्याकडे राहिली. हल्ली मला आंघोळ हीच घालते आणि गावात त्याचा डांगोरा पिटत नाही, हा तिचा दुसरा गुण. अट एवढीच की घर उन्हाळी पाहुण्यांना विकायचं नाही. त्यांना खिडकीतून होडी हवी असते आणि मासळीचा वास नको असतो.

हे वाचून दाखवलं तेव्हा नाओमी म्हणाली, "आजी, मेल्यावरसुद्धा तूच घर चालवणार का?"

"तू नीट चालवलंस तर नाही."

दोन. शिंपले सोलायची सुरी, विणायच्या सुया आणि सुई टेकवायचा कमरेचा लाकडी खुंट, हेही नाओमीला. व्हिटबीहून संग्रहालयाचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याला काही देऊ नये. तो सुरी काचेत ठेवेल आणि खाली लिहील की पूर्वीच्या बायका हिने शिंपले सोलत. मी अजून सोलते. पोस्टातली शिल्लक लाइफबोटीला द्यावी. त्यांनी मॅथ्यूला शोधायला पाच तास घालवले, ते मी विसरलेले नाही.

तीन. एमॉसची निळी लोकरी जर्सी माझी मुलगी हेस्टर हिला.

तर ही हेस्टर. बाहेरच्यांना ती प्रोफेसर लँगडेल म्हणून ठाऊक आहे. समाजशास्त्र हा तिचा धंदा. म्हणजे लोक कसे राहतात ते लोकांच्या घरी जाऊन विचारायचं आणि मग त्यांनाच समजणार नाही असं लिहायचं. लहानपणीही हेच करायची. आम्ही दोरीच्या गळांना शिंपल्यांचं आमिष लावत, म्हणजे दोरी भरत, बसलो की ही दारात बसून विचारायची, "आई, डॉर्कस मावशी मागच्या दाराने का येते आणि मास्तरीणबाई पुढच्या दाराने का येतात?" मी म्हणायची, "हात चालव." हात चालायचे नाहीत. बोटात गळ घुसायचा तो तिच्याच.

म्हणून तिला शिकू दिलं. एमॉस म्हणाला, "पोरगी शाळेत गेली तर दोरी कोण भरणार?" मी म्हटलं, "ही भरते त्या दोरीला मासा नाही, हिचंच बोट लागतं." ती शिष्यवृत्तीवर व्हिटबीच्या शाळेत गेली. पहिल्या सुट्टीत आली ती, आम्ही किनाऱ्यावरचे गिळतो तो 'ह' शिकलेल्यांसारखा नीट म्हणायला लागली होती. मॅथ्यूने आठवडाभर तिची नक्कल केली. पुढे लढाईच्या काळात तिने लंडनला, कारखान्याच्या खानावळीत बसून बायका काय बोलतात ते टिपायची नोकरी केली. त्यावर तिचं नाव झालं. मग विद्यापीठ. मग लँगडेल नावाचा एक लेक्चरर नवरा, जो दोन वर्षांत दुसऱ्या कुणाच्या घरी प्रश्न विचारायला निघून गेला. नाव तेवढं मागे सोडून गेला. ते तिने ठेवलं. मला तेव्हा वाटलं, छापून झालं असेल म्हणून ठेवलं. आता वाटतं, थीकर नसलेलं नाव तिच्या कामाला बरं पडलं.

मॅथ्यू गेल्यानंतर काही वर्षांनी ती केटलविकला आली. पण घरी नाही आली, अभ्यासाला आली. मास्तरीणबाईंच्या माडीवर भाड्याने राहिली. आईचं घर समोर, आणि ही भाड्याच्या खोलीत! का, तर एका घरात राहिलं तर दुसरी घरं मोकळेपणी बोलत नाहीत. टेपरेकॉर्डर घेऊन दारोदार फिरली. माझ्याकडेही आली. पुढच्या दाराने आली, परक्या पाहुण्यासारखी. खुर्चीत बसली, यंत्र सुरू केलं आणि विचारलं,

"या घरात किती माणसं राहतात?"

"तुला माहीत नाही?"

"आई, सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा लागतो."

"मग लिही. दोन, मी आणि नाओमी. तिसरीने समोर खोली घेतली आहे."

यंत्र तेवढ्यापुरतं बंद झालं.

जर्सी तिला द्यायचं कारण सांगते. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक गावाची वीण वेगळी. बुडालेलं माणूस तोंडाने नाही ओळखलं तरी विणीने ओळखतात आणि त्याच्या गावाला पोचवतात. हेस्टरने ती जर्सी घालावी असं नाही, छातीला घट्ट होईल. घरात ठेवावी. कुठे वाहून गेलीच तर लोकांना कळेल की कुठली.

चार. निळ्या पट्ट्यांची चहाची किटली शेजारीण डॉर्कस अनथँक हिला. हिला साक्षीदार व्हायची फार हौस होती. पायबस म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये. मी डॉर्कसला विचारलं, "सही हवी की किटली?" तिने क्षणभरही विचार केला नाही.

किटली का, तर गेली वीस वर्षं ती माझ्या गोष्टींवर चहा पाजते आहे, निदान भांडं तरी माझं असू दे. त्याची हकिगत अशी.

पुस्तक निघालं. त्यात गावाचं नाव बदललेलं, माणसांची बदललेली. नाओमीने वाचून दाखवलं. त्यात एक होती मिसेस ओकली. विधवा, तोंडाची तिखट, घरात कुणाला घेत नाही, पायरीवरूनच बोलते, मूलबाळ नाही. आणि एक होती मिसेस फेअरलँब. मोठ्या मनाची. वादळाच्या वेळी ज्यांचे नवरे समुद्रात अडकले त्या सगळ्या बायका हिच्या स्वयंपाकघरात. ज्या बाईचा नवरा परत आला नाही तिच्या वाटच्या दोऱ्या हिने हिवाळाभर भरून दिल्या. आणि तो परदेशी खलाशी.

तो खलाशी नॉर्वेचा होता की कुठला, कुणाला कळलं नाही. किनाऱ्याला लागला, अंगावरची वीण आमच्याकडच्या कुणाला ओळखता आली नाही. आमच्याकडे शवपेटी उचलण्याआधी एक बाई दारात उभी राहून आत विचारते, "कुणाचा?" सगळ्यांत जवळचं माणूस आतून म्हणतं, "माझा." ते ऐकल्याशिवाय पेटी हलत नाही. खलाशाला चॅपलच्या दारातून न्यायचा होता. विचारलं, "कुणाचा?" पाद्रीबाबा पुस्तकाची पानं चाळायला लागले. शेवटी मी म्हटलं, "माझा. उचला आता, पाऊस यायच्या आत."

हे पुस्तकात मिसेस फेअरलँब म्हणते. पावसासकट.

गावाने ठरवून टाकलं की तिखट ओकली म्हणजे केझिया आणि प्रेमळ फेअरलँब म्हणजे शेजारची डॉर्कस. डॉर्कसनेही ठरवलं. पहिल्या वर्षी म्हणायची, "असेन बाई, मला काही आठवत नाही." पुढच्या वर्षी आठवायला लागलं. आता दर उन्हाळ्यात हेस्टरचे विद्यार्थी पाठीवर पिशव्या घेऊन येतात, डॉर्कस त्यांना चहा देते, खलाशाची गोष्ट सांगते आणि शेवटी डोळे पुसते. माझ्या खिडकीखाली! एकदा मी खिडकी उघडून म्हटलं, "डॉर्कस, तो उंच नव्हता, बुटका होता." ती पोरांना म्हणाली, "लक्ष देऊ नका. त्या मिसेस ओकली."

हेस्टरला मी विचारलं. ती नाताळात यायची, मागच्या दाराने, अंधार पडल्यावर.

"दोन्ही मीच ना गं?"

"हो, आई."

"मग मला मधोमध चिरलंस कशाला?"

"ओळखू येऊ नये म्हणून तसं करतात. कधी एका माणसाची दोन करतात, कधी दोघांचं एक. लोकांचं रक्षण व्हावं म्हणून."

"आणि चांगला तुकडा डॉर्कसला?"

"मी कुणाला दिला नाही. गावाने दिला."

"मुलं नाहीत हे गावाने लिहिलं?"

तिने ताटातले वाटाणे काट्याने एका कडेला सारले. मग म्हणाली, "मुलगी आहे असं लिहिलं असतं तर ती कुठे आहे हेही लिहावं लागलं असतं."

खरं आहे. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलंय की ती या गावात परकी म्हणून आली. परक्या माणसाला दिसतं ते घरच्याला दिसत नाही, असं तिच्या शास्त्रात मानतात. त्या पानावर तिची पुढची सगळी इमारत उभी. रेडिओवर भाषणं, मोठी खुर्ची, अमेरिकेचं बोलावणं. दारातल्या प्रश्नावरचं प्रकरण तर म्हणे जगभर शिकवतात. चांगलं आहे ते. नाओमीकडून दोनदा वाचून घेतलं.

डॉर्कसबद्दल माझा आता राग नाही. किटलीचं झाकण हलतं, ओतताना बोटाने धरावं.

पाच. खिडकीजवळची उंच पाठीची खुर्ची हेस्टरला. याच खुर्चीत बसून तिने मला प्रश्न विचारले. ती पाहणारी आणि मी पाहिली जाणारी, असं तिला वाटायचं. पण खुर्ची माझी होती, तिला बसायला देऊन मी स्टुलावर बसले होते.

सहा. माझे अंत्यविधी. हे कलम पायबस यांना पसंत नाही. राहू दे.

चॅपलमध्ये लांबलचक भाषण नको. मागाहूनच्या जेवणात हॅम जाड कापावं. पातळ कापलेलं हॅम म्हणजे घराची अब्रू गेली. बाईची पेटी आमच्याकडे बायकाच उचलतात, पांढऱ्या शाली घेऊन, तशीच उचलावी. त्यांत नाओमी असावी, पुढे उजव्या बाजूला, तिचा उजवा खांदा दुखतो.

आता दाराचं.

हेस्टरचं पुस्तक निघाल्यानंतर कौन्सिलने खालची आळी पाडायची ठरवली. घरं ओली, जिने अरुंद, संडास अंगणात. आम्हाला टेकडीवरच्या नव्या घरांत नेणार होते, जिथून समुद्र दिसत नाही आणि होडी परत आली की नाही ते विचारायला खाली यावं लागतं. लंडनहून एक साहेब चौकशीला आला. चॅपलच्या हॉलमध्ये गाव जमलं. हेस्टर आमच्या बाजूने बोलायला उभी राहिली. चांगली बोलली. माणसं घरात राहत नाहीत, एकमेकांच्या दारांत राहतात, दारं लांब केली की माणसं तुटतात, असं काहीतरी. साहेब लिहून घेत होता. मग कौन्सिलचा वकील उठला.

"प्रोफेसरबाई, या आळीत तुमचं कुणी नात्याचं राहतं का?"

मी तिसऱ्या बाकावर होते. चांगली टोपी घालून.

हेस्टर म्हणाली, "नाही. कुणी नाही."

हॉलभर माणसं बसली होती. हिला जन्मताच हातावर घेणारी दाई होती. हिच्या बापाबरोबर होडीवर गेलेले तिघे होते. एकाने खोकूनही दाखवलं नाही. डॉर्कसने माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली. आमच्या बायबलात शिष्य आपल्याच गुरूला ओळखत नाही म्हणतो, तेव्हा कोंबडा आरवतो. केटलविकला कोंबडी कुणी पाळत नाही, छपरावर एक समुद्रपक्षी तेवढा किंचाळला.

साहेबाने लिहिलं की ही बाई निःपक्षपाती आहे, म्हणून तिचं म्हणणं धरावं. आळी वाचली. मी आज लिहिते आहे ते त्याच आळीत बसून.

त्या संध्याकाळी ती मागच्या दाराने आली. कोट काढला नाही.

"आई, हो म्हटलं असतं तर त्यांनी पुस्तक फेकून दिलं असतं. घर गेलं असतं."

"ठाऊक आहे. चहा घे."

"तू रागावली आहेस."

"मी चहा घे म्हटलं."

तिने उभ्यानेच घेतला आणि शेवटची बस पकडली. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. पत्रं येतात, नाताळला येते, माझ्या गुडघ्यांसाठी मलम आणते. प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण वीस वर्षांत एकदाही पुढच्या दाराने, गावाच्या डोळ्यांदेखत, आली नाही. आणि पुस्तक नव्याने छापलं तेव्हा पहिलं पान होतं तसंच ठेवलं.

पायबस म्हणतात त्या चौकशीची भीती आता नाही. आता उलट झालंय, तेच कौन्सिल आळी जपायची म्हणून दाराचा रंगही बदलू देत नाही. तेव्हा घराची सबब संपली. राहिलं तिचं नाव आणि तिचं पहिलं पान. ते लहान आहे असं मी समजत नाही. माझ्या पेटीमागे तिचे विद्यार्थी येतील, वह्या घेऊन येतील. मिसेस ओकलीला बघायला लोक येणारच. त्यांच्यासमोर तोंड उघडणं सोपं नाही.

पायबस यांनी सुचवलं होतं, "हेस्टरबाईंनी दारात उत्तर दिलं तरच त्यांना अमुक मिळेल, अशी अट घालूया." मी म्हटलं, "नको. विकत घेतलेलं 'माझी' मला ऐकायचं नाही." जर्सी आणि खुर्ची तिला काही झालं तरी द्यावी. बोलली तरी, न बोलली तरी.

माझा श्वास थांबला की नाओमीने या कागदाची नक्कल हेस्टरला द्यावी. पेटी उचलायच्या आधी, नंतर नाही.

घरात कुणी उत्तर दिलं नाही तर चॅपलने द्यायचं, अशी त्या खलाशानंतर चाल पडली आहे. माझ्या बाबतीत चॅपलने देऊ नये. नाओमीनेही देऊ नये. तिला तोंडात शब्द येतील, ते तिने गिळावेत. आणि दारात प्रश्न विचारायचं काम डॉर्कसने करावं. तिचा आवाज मोठा आहे, आणि जी विचारते तिला उत्तर देता येत नाही. नाहीतर सवयीने तेही तीच देऊन टाकेल.

उत्तर आलं नाही तर पेटी ठेवून द्यावी. दार उघडं ठेवावं. मी याच दाराशी एमॉसची वाट पाहिली आहे, मॅथ्यूची पाहिली आहे. मला घाई नाही.

वरचं सगळं मी लिहिलं, मला वाचून दाखवलं, मान्य आहे.

केझिया जेन थीकर
(सही माझीच.)

आम्ही दोघांनी, एकाच वेळी हजर राहून, बाईंना सही करताना पाहिलं आणि त्यांच्यादेखत आमच्या सह्या केल्या. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, एक कप चहा सोडून.

साक्षीदार: सायलस हारलंड, लाइफबोटीचा तांडेल
साक्षीदार: एबेनेझर क्रुक्स, चॅपलचा कारभारी

ठिकाण: खालची आळी, केटलविक
तारीख: ११ ऑक्टोबर १९८०

पायबस म्हणतात, सहीच्या खाली लिहिलेलं कायदा वाचत नाही. हे कायद्यासाठी नाहीच.

हेस्टर, परक्या माणसाला मी माझा म्हटलं होतं, तूच लिहिलंस ते. त्या दिवशी पुढच्या दाराने आत ये आणि माझ्या उशाशी उभी राहा. डॉर्कस विचारेल, "कुणाची?" दुसरं कुणी बोलायचं नाही. उत्तर तू द्यायचंस.